पहिली ओळ उमटते, मग बोर्ड गप्प: बूट फर्मवेअरवाल्यांनो, मदत करा

सातपूरकर · मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत काम करतो. कारखान्यातल्या जुन्या यंत्रांचे आकडे गोळा करून वर पाठवणारी एक पेटी आम्ही बनवतोय. प्रोसेसर टीआयचा (टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स) एएम३३५८, मेमरी ५१२ एमबी डीडीआर३, एकच चिप, १६ बिट. सर्किट बीगलबोन ब्लॅक या तयार बोर्डावरून घेतलंय. ते खुलं आहे आणि हजारो लोकांनी वापरलेलं आहे.

पहिल्या खेपेला तीन बोर्ड बनवले, तिन्ही पहिल्या दिवशी उठले. दुसऱ्या खेपेला सात बनवले. सातही बोर्डांवर सीरियलवर (बोर्डाचे संदेश लॅपटॉपवर दाखवणारी तार) 'यू-बूट एसपीएल'ची ओळ येते (यू-बूट म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर, एसपीएल त्याचा पहिला छोटा तुकडा), 'ट्राइंग टू बूट फ्रॉम एमएमसी१' (म्हणजे एसडी कार्ड) येतं आणि मग शांतता. दोन बोर्ड कधीमधी 'डीरॅम ५१२ एमआयबी'पर्यंत जातात. एक बोर्ड तर परवा रात्री 'स्टार्टिंग कर्नल'पर्यंत, म्हणजे लिनक्सच्या दारापर्यंत गेला, मी आनंदाने घरी फोन केला, आणि परत चालू केला तर पहिल्याच ओळीवर अडकला. सातही बोर्डांवर तेच कार्ड, तीच फाइल.

असेंब्लीवाला म्हणतो सॉफ्टवेअर बघा. साहेबही म्हणतात सॉफ्टवेअर बघ. गेले नऊ दिवस बघतोय. सुरुवात कुठून करू?

खडाखड · मंगळवार, रात्री ११.५२

सीरियलचा अडॅप्टर ३.३ व्होल्टचाच आहे ना? ५ व्होल्टचा लावला असेल तर आधी तो काढा. आणि बोर्ड बंद करताना अडॅप्टरची वायरही काढून बघा. अडॅप्टरच्या टीएक्स (पाठवणाऱ्या) रेषेतून चिपच्या आत चोरवाटेने थोडी वीज झिरपत राहते. आपल्याला वाटतं बोर्ड बंद आहे, प्रत्यक्षात तो अर्धवट जागा असतो आणि पुढच्या वेळी वेडावाकडा उठतो. माझे दोन दिवस यात गेले होते.

सातपूरकर · बुधवार, सकाळी ७.१५

३.३चाच आहे. वायर काढून, पाच मिनिटं थांबून पाहिलं. फरक नाही.

ताम्हण · बुधवार, सकाळी ९.०५

सातपूरकर, कोण कुठवर चालतंय ते आधी पक्कं करू. बाकीच्या वाचकांनाही कळेल.

वीज आली की सगळ्यात आधी चिपमधला बूट रॉम धावतो. तो सिलिकॉनमध्येच कोरलेला असतो, त्याला तुम्ही-आम्ही हात लावू शकत नाही. तो सोळा सिसबूट पिना वाचतो (या चिपवर त्या एलसीडीच्या डेटा रेषांवरच आहेत, रीसेट सुटताना तिथे जे असेल ते टिपलं जातं) आणि आधी एसडी कार्ड, आधी ईएमएमसी (बोर्डावरची साठवणीची चिप) की सीरियल, ते ठरवतो. कार्डावर 'एमएलओ' नावाची फाइल सापडली की ती चिपच्या आतल्या छोट्या मेमरीत, एसरॅममध्ये, उतरवतो. बाहेरची मोठी मेमरी तोवर झोपलेली असते, म्हणून सगळा संसार त्या चिमूटभर जागेत. एमएलओला जास्तीत जास्त १०९ किलोबाइट. हेच तुमचं एसपीएल. तुमची पहिली ओळ छापली जाते म्हणजे बूट रॉम, घड्याळ, सीरियल, कार्ड हे सगळं ठीक.

एसपीएलचं मुख्य काम डीडीआर, म्हणजे ती बाहेरची मोठी मेमरी, जागी करणं. ते करून ते यू-बूट कार्डावरून डीडीआरमध्ये आणतं आणि तिथे उडी मारतं. तुमचे पाच बोर्ड त्या उडीत मरतायत. जे दोन 'डीरॅम'पर्यंत जातात, त्यांचं मरण पुढच्या पायरीवर आहे: यू-बूट मेमरी मोजतं आणि मग स्वतःला उचलून मेमरीच्या अगदी वरच्या टोकाला नेऊन ठेवतं. त्या हलवाहलवीत एक बिट जरी उलटा झाला तरी पुढची सूचना म्हणजे कचरा.

माझा संशय सरळ डीडीआरवर आहे. पण संशयावर जाऊ नका. एसपीएल एसरॅममध्ये राहतं, म्हणजे ते डीडीआरमध्ये पाय न ठेवता डीडीआरची परीक्षा घेऊ शकतं. यू-बूट लोड करण्याआधी तिथेच तीन चाचण्या घाला. पहिली, एका पत्त्यावर एकेक बिट सरकवत लिहा-वाचा, म्हणजे डेटा रेषा कळतील. दुसरी, १, २, ४, ८ असे दुपटीचे पत्ते, म्हणजे पत्त्याच्या रेषा कळतील. तिसरी सगळ्यात महत्त्वाची: कॅशे (प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी) चालू करून सलग काही मेगाबाइट शून्य आणि एफ (सगळे बिट शून्य, मग सगळे एक) आळीपाळीने. त्यासाठी लागणाऱ्या पेज टेबलला (पत्त्यांच्या तक्त्याला) १६ किलोबाइट लागतील, ते एसरॅममध्ये बसवता येतात. पहिल्या दोन चाचण्यांत एका वेळी एकच रेष हलते, तिथे आजारी मेमरीसुद्धा पास होते. सोळाच्या सोळा रेषा एकदम खालीवर व्हायला लागल्या की खरं रूप दिसतं.

एक प्रश्न: बीगलबोनच्या कोडमध्ये आय२सी या तारांवरच्या ईईपीरॉममधून (छोट्या कायमच्या मेमरीतून) बोर्डाचं नाव वाचून मेमरीची सेटिंगं निवडतात. तुमची ईईपीरॉम कोरी आहे का?

सातपूरकर · बुधवार, सकाळी ९.३०

ताई, खूप आभार. ईईपीरॉम ठेवलीच नाही, बोर्डाचं नाव कोडमध्ये पक्कं लिहिलंय. पहिल्या तीन बोर्डांवरही तोच कोड. चाचण्या आजच लिहितो.

पाटीपेन्सिल · बुधवार, सकाळी ११.१०

मी शाळेत मराठी शिकवते, इथलं अर्धं समजलं नाही पण एका दमात वाचलं. 'बूट' म्हणजे पायातला बूटच का?

म्युनिकवासी · बुधवार, दुपारी १.२०

हो, पायातलाच. बुटाच्या मागच्या बाजूला ओढायला पट्टी असते, तिला बूटस्ट्रॅप म्हणतात. आपल्याच बुटाची पट्टी धरून स्वतःला वर उचलायचं, अशी ती अशक्य कल्पना. संगणकाला हा प्रश्न खराच पडतो. प्रोग्रॅम मेमरीत आणायला प्रोग्रॅम लागतो, मग पहिला कोण आणणार? म्हणून रॉममध्ये कोरलेला एक छोटासा तुकडा.

पाटीपेन्सिल · बुधवार, दुपारी १.३५

म्हणजे काकड आरती! देवळात सगळ्यात आधी पुजारी उठतो, दिवा लावतो, मग भूपाळी, मग देव जागे होतात, मग भक्तांना दार उघडतं. आणि पुजाऱ्याला कुणी उठवायचं, तर तो स्वतःच उठतो.

खडाखड · बुधवार, दुपारी १.४१

बाई, आमच्या टीममध्ये नव्या मुलांना आता हेच सांगणार. बूट रॉम म्हणजे पुजारी, एसपीएल म्हणजे भूपाळी, लिनक्स म्हणजे गाभाऱ्यातले देव. वाचनखूण साठवली.

कराडचा_पोरगा · बुधवार, दुपारी ३.००

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला हेच शिकायचंय, पण बोर्ड, जेटॅग (चिपच्या आत डोकावायचं साधन) वगैरे घ्यायला पैसे नाहीत. हॉस्टेलवर एका मित्राची रास्पबेरी पाय आहे, तिच्यावर सुरू करू का?

ताम्हण · बुधवार, दुपारी ३.४०

पायवर बरंच शिकता येईल, पण नेमका हा भाग तिथे झाकलेला असतो. तिच्यात आधी जागा होतो तो ग्राफिक्सचा व्हिडिओकोअर. तोच बंद फर्मवेअर चालवून मेमरी तयार करतो आणि एआरएम कोर त्यानंतर उठतो. पाय ४वर त्याचा चिपमधल्या रॉमनंतरचा टप्पा एका एसपीआय ईईपीरॉममध्ये असतो. तू पोचशील तेव्हा काकड आरती झालेली असेल.

फुकटात सुरुवात करायची तर क्यूएमू, म्हणजे दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. लॅपटॉपवरच ६४ बिट एआरएमचं 'व्हर्ट' नावाचं यंत्र चालव. त्याची रॅम हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) ४००००००० पासून सुरू होते आणि सीरियल, म्हणजे पीएल०११, ९०००००० या पत्त्यावर आहे. सी लायब्ररी घ्यायची नाही, मेन घ्यायचं नाही. एक असेंब्लीची फाइल: स्टॅक पॉइंटर लाव, बीएसएस (शून्यापासून सुरू व्हायच्या ग्लोबल चलांची जागा) शून्य कर, सीमध्ये उडी मार. एक लिंकर स्क्रिप्ट, कोण कुठे बसणार ते सांगणारी. आणि सीमध्ये त्या पत्त्यावर एक अक्षर लिही. पडद्यावर 'ए' उमटला की तू शून्यातून यंत्र उठवलंस, एकही ओळ उसनी न घेता.

बीएसएस शून्य करायला विसरून बघ एकदा मुद्दाम. क्यूएमूची रॅम आधीच शून्य असते, म्हणून तिथे चालेल. खऱ्या बोर्डवर मेमरी कचऱ्याने भरून उठते आणि तुझ्या ग्लोबल चलांमध्ये काहीही सापडतं.

कराडचा_पोरगा · बुधवार, दुपारी ३.४४

ताई, आजच करतो!!

वऱ्हाडी_ठेचा · बुधवार, रात्री ९.१५

डीडीआरचा विषय निघाला म्हणून सांगतो. अकोल्याजवळ एका जिनिंगमध्ये आम्ही लावलेली पेटी मे महिन्यात रोज दुपारी दोनच्या सुमाराला मान टाकायची. सकाळी ठणठणीत, रात्री ठणठणीत. सगळ्यांनी व्होल्टेजला दोष दिला. स्टॅबिलायझर आणला, अर्थिंग खोदून नवीन केली. पाणी घालायला माणूस ठेवला होता त्या अर्थिंगला!

शेवटी मी स्वतः जाऊन पेटीजवळ बसलो. वर पत्रा, बाहेर ४६ अंश, पेटीला एकही भोक नाही. मेमरीच्या चिपवर थर्मोकपल चिकटवला तर ८९ अंश. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. डीडीआर३चा प्रत्येक बिट म्हणजे गळका माठ, सारखं भरत राहावं लागतं. ८५ अंशांपर्यंत दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक रिफ्रेश पुरतो, त्याच्यावर गेलं की माठ जास्त गळतो आणि ३.९ला एक द्यावा लागतो. आमच्या कोडमध्ये बीगलबोनचाच आकडा होता: ४०० मेगाहर्ट्झला ७.८ मायक्रोसेकंद म्हणजे ३१२० ठोके, हेक्समध्ये सी३०. तो निम्मा केला, १५६०. पेटीला जाळीची खिडकी केली. त्या उन्हाळ्यात परत फोन आला नाही.

बूट फर्मवेअरमधला एक आकडा, आणि त्यापायी आम्ही महिनाभर जमीन खोदली. त्या जिनिंगच्या मालकांनी मात्र एकदाही आवाज चढवला नाही, रोज जेवायला बसवलं. हे मी विसरणार नाही.

ताम्हण · बुधवार, रात्री ९.५०

सोन्यासारखा अनुभव. ३.९चा नियम सगळ्या कागदांवर असतो, पण थर्मोकपल चिकटवून बघणारे थोडे.

झरोका · गुरुवार, सकाळी १०.२०

मला एक वेगळं म्हणायचंय. एवढी यातायात करायचीच कशाला? आजकाल चिपवाले डीडीआर जागी करणारा तयार ब्लॉब (मूळ कोडशिवायची बंद फाइल) देतात. रॉकचिप कंपनीच्या आरके३५८८ चिपवर आम्ही तोच घेतो, यू-बूट त्याच्यापुढे सुरू होतं. दोन दिवसांत बोर्ड उभा. ग्राहकाला फर्मवेअर नको असतं, वस्तू हवी असते.

म्युनिकवासी · गुरुवार, दुपारी १२.४५

झरोका, असहमत. तुमचा बोर्ड उठला म्हणून दोन दिवस. न उठला असता तर? ब्लॉबमध्ये तुम्ही छापायची एक ओळसुद्धा घालू शकत नाही. वऱ्हाडी_ठेचांनी तो ३१२०चा आकडा बदलला तो कशाच्या जोरावर, मूळ कोड हातात होता म्हणून ना? ब्लॉब असता तर चिपवाल्याला ईमेल करून उत्तराची वाट बघत बसले असते, आणि जिनिंगचा हंगाम संपला असता.

त्याच कंपनीच्या आधीच्या आरके३३९९चं उदाहरण घ्या. त्याची डीडीआर जागी करणारी पायरी यू-बूटमध्ये खुली आहे. ऑलविनरच्या चिपांचं डीरॅमचं बरंचसं काम तर लोकांनी रजिस्टरं न्याहाळून, उलगडून लिहिलं.

अवांतर, पण मनाजवळचं: यू-बूटची मुळं आमच्या म्युनिकच्या परिसरातली. पॉवरपीसीसाठीच्या एका छोट्या बूटलोडरवरून वोल्फगांग डेंक यांनी पीपीसीबूट उभं केलं, २००२मध्ये ते इतर प्रोसेसरांवर गेलं तेव्हा त्याचं नाव 'दास यू-बूट' झालं. जर्मनमध्ये यू-बूट म्हणजे पाणबुडी. २०२२ला डेंक गेले. आज जगात कुठल्या राउटरमध्ये, कुठल्या टीव्हीत, कुठल्या सॅटेलाइट बॉक्समध्ये त्यांच्या कोडची वंशावळ चालतेय याची मोजदाद नाही. सातपूरकर यांच्या बोर्डावर छापली जाणारी ती ओळ त्यांच्यापासून आलीय. त्यांनी ते कुलुपात ठेवलं असतं तर नाशिकचा माणूस आज त्यात चाचणी घालू शकला असता का?

झरोका · गुरुवार, दुपारी १.१०

डेंक यांच्याबद्दल आदरच आहे. पण लहान कंपनीला पगार द्यायचा असतो हेही खरं. मी ब्लॉब घेतो कारण आरके३५८८ला आज दुसरा चालू पर्याय मला दिसत नाही. खुला मिळाला तर पहिला मी घेईन.

म्युनिकवासी · गुरुवार, दुपारी १.१८

मान्य. मग आपलं भांडण नाहीच.

चाकणकर · गुरुवार, दुपारी २.०५

गाडीच्या धंद्यातून एक भर. अमेरिकेत जाणाऱ्या गाडीत रिव्हर्स टाकल्यावर मागच्या कॅमेऱ्याचं चित्र २ सेकंदांत दिसलं पाहिजे, हा तिथला सुरक्षा नियम आहे. चालकाने गाडी सुरू करून लगेच रिव्हर्स टाकला तर? तेव्हा बूटचा एकेक मिलिसेकंद मोजावा लागतो. आम्ही यू-बूटची मधली पायरीच काढून टाकली, एसपीएल थेट कर्नलमध्ये उडी मारतं. याला फाल्कन मोड म्हणतात. सीरियलवर छापायच्या ओळी बंद केल्या त्यातही बराच वेळ वाचला. ११५२०० बॉडला एक अक्षर म्हणजे जवळजवळ ८७ मायक्रोसेकंद, हजार अक्षरं छापली की ८७ मिलिसेकंद गेले. मागे कुणाचं मूल उभं असू शकतं, म्हणून हे मोजायचं.

अबोली · गुरुवार, संध्याकाळी ६.३०

इथे सगळे मोकळेपणाने लिहितायत म्हणून माझीही एक गोष्ट. कंपनी आणि चिप दोन्हींचं नाव नको.

सुरक्षित बूटमध्ये चिपच्या आतल्या फ्यूजांमध्ये आपल्या सार्वजनिक चावीचा हॅश (चावीवरून काढलेला छोटा ठसा) जाळतात. त्यानंतर बूट रॉम आपली सही असलेलंच फर्मवेअर चालवतो. फ्यूज एकदा जळला की परत जुळत नाही. आमच्या स्क्रिप्टमध्ये ३२ बिटांच्या प्रत्येक शब्दातले बाइट उलट्या क्रमाने गेले. मी लिहिलेली स्क्रिप्ट. बारा बोर्डांवर हॅश जाळला आणि लगेच 'बंद' करणारा शेवटचा फ्यूजही जाळला. बारा बोर्ड कायमचे दगड. पहिला बोर्ड टेबलावर ठेवून मी रीसेट दाबत होते आणि सीरियलवर एक अक्षर येत नव्हतं. तो क्षण अजून हातात जाणवतो.

आता कुणाला सांगायचं तर एवढंच: हॅश जाळल्यावर थांबा. बऱ्याच चिपांमध्ये मधली 'उघडी' अवस्था असते, सही चुकली तरी ती बूट होऊ देते आणि चूक नोंदवून ठेवते. ती नोंद वाचा, रिकामी आहे याची दोघांनी खात्री करा, वीज काढून-घालून परत वाचा, आणि मगच शेवटचा फ्यूज. आणि एकच बोर्ड घ्या, बारा नाही.

खडाखड · गुरुवार, संध्याकाळी ६.५५

अबोलीताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. लोक यशाच्या गोष्टी सांगतात, ही कुणी सांगत नाही.

उलट्या बाजूचीही भीती असते. बूट रॉममध्येच चूक राहिली तर ती दुरुस्तच करता येत नाही. २०१८मध्ये एनव्हिडियाच्या टेग्रा एक्स१ चिपच्या यूएसबी रिकव्हरीत तशी सापडली आणि तोवर विकलेले सगळे निन्टेंडो स्विच कायमचे उघडे पडले. २०१९मध्ये चेकएम८ नावाची तशीच पळवाट आली, ॲपलच्या ए५पासून ए११पर्यंतच्या चिपा, म्हणजे आयफोन ४एसपासून आयफोन एक्सपर्यंत. अपडेट पाठवून उपयोग नाही, कारण रॉम सिलिकॉनमध्ये.

सातपूरकर · शुक्रवार, रात्री १.३०

ताई, चाचण्या लिहून झाल्या. निकाल:

डेटा रेषा सातही बोर्डांवर पास. पत्त्याच्या रेषा सातही पास. कॅशे चालू करून सलग शून्य-एफ: सातही नापास. चुका दोन्ही बाइटांत, एका ठरावीक बिटावर नाहीत. तीच चाचणी पहिल्या खेपेच्या तीन बोर्डांवर रात्रभर चालवली, एकही चूक नाही.

मग मेमरीचं घड्याळ (वेग) ४००वरून ३०३ मेगाहर्ट्झवर आणलं, यू-बूटमध्ये त्याच चिपच्या दुसऱ्या बोर्डासाठी तो आकडा तयारच होता. सातपैकी पाच बोर्ड लिनक्सपर्यंत गेले! साहेब म्हणतायत ३०३वरच पाठवून देऊ.

वऱ्हाडी_ठेचा · शुक्रवार, सकाळी ७.४०

थांबा भाऊ! घड्याळ बदललं तेव्हा रिफ्रेशचा आकडा बदलला का? ३१२० ठोके ३०३ला म्हणजे १०.३ मायक्रोसेकंद होतात, नियमापेक्षा जास्त. ३०३ला २३६३ पाहिजे, हेक्समध्ये ९३बी.

सातपूरकर · शुक्रवार, सकाळी ८.०२

नव्हता बदलला. बदलला. आता पाचही जास्त स्थिर वाटतात. दोन अजून नापास.

झरोका · शुक्रवार, सकाळी ९.००

तारीख जवळ असेल तर पाच बोर्ड ३०३वर पाठवा आणि बाकीचं मागून बघा. तुमच्या कामाला तेवढा वेग पुरेल.

ताम्हण · शुक्रवार, सकाळी ९.२५

नका पाठवू. वेग पुरेल का हा प्रश्नच नाही. तीन बोर्ड ४००वर रात्रभर पास, तोच कोड, तोच आराखडा. म्हणजे सात बोर्डांवर काहीतरी वेगळं लागलंय आणि ३०३ने ते झाकलं जातंय. नाशिकच्या थंडीत एका पहाटे ते परत डोकं वर काढेल, आणि तेव्हा बोर्ड तुमच्या टेबलावर नसेल.

हळू केल्यावर सुधारतं आणि चुका सगळ्या बिटांवर पसरलेल्या आहेत, म्हणजे एखाद-दुसरी तुटकी रेष नव्हे, सगळ्या रेषांना लागू होणारी गोष्ट. मेमरीचा वीजपुरवठा, व्हीरेफ (तुलनेचं व्होल्टेज), आणि दोन रेझिस्टर. प्रोसेसरच्या व्हीटीपी पिनेवर ४९.९ ओहम, मेमरीच्या झेडक्यू पिनेवर २४० ओहम. दोन्ही १ टक्क्याचे. या रेझिस्टरांशी तुलना करूनच दोन्ही चिपा आपापल्या रेषांचा जोर ठरवतात. तो तराजूतला वजनाचा दगड आहे. दगडच खोटा तर सगळं माप खोटं. बोर्डाची वीज काढा आणि मल्टिमीटर लावा.

सातपूरकर · शुक्रवार, सकाळी ११.५०

सापडलं!!!

व्हीटीपी ४९.८, बरोबर. झेडक्यू: २४.१ ओहम. मला वाटलं मीटरची सेटिंग चुकली. दुसरा बोर्ड, २४.०. सातही तसेच. पहिल्या खेपेचा बोर्ड: २४०.

भिंग घेऊन बघितलं. सातही बोर्डांवरच्या रेझिस्टरवर छापलंय '२४०'. पहिल्या तिन्हींवर '२४००'. तीन आकडी खुणेत शेवटचा आकडा म्हणजे पुढची शून्यं. २४०चा अर्थ २४ आणि पुढे शून्य शून्यं, म्हणजे २४ ओहम! खरे २४० ओहम म्हणजे २४१, किंवा चार आकडीत २४००. आमच्या सामानाच्या यादीत नुसतं '२४०' लिहिलं होतं, पार्ट नंबर नाही. पहिल्या असेंब्लीवाल्याने फोन करून विचारलं होतं, दुसऱ्याने '२४०' लिहिलेली रील शोधून लावली. त्याची तरी काय चूक.

भाऊ दुपारी पुण्याला बुधवार पेठेत जातोय, तपकीर गल्लीतून १ टक्क्याचे २४० आणायला सांगितलेत. मीटर लावून घे म्हटलं.

ताम्हण · शुक्रवार, दुपारी १२.०५

वा! नऊ दिवस सॉफ्टवेअर बघायला लावलं तुम्हाला. यादी आजच्या आज दुरुस्त करा, '२४० ओहम, १ टक्का' आणि पूर्ण पार्ट नंबर. आणि ती चाचणी काढून टाकू नका. कारखान्यात प्रत्येक बोर्डवर तीच पहिली चालवा.

पाटीपेन्सिल · शुक्रवार, दुपारी १२.३०

शेवटचं शून्य म्हणजे 'शून्य शून्यं'! वर्गात सांगणार आहे. अभिनंदन सातपूरकर.

सातपूरकर · रविवार, सकाळी १०.१०

काल संध्याकाळी सातही रेझिस्टर बदलले. सहा बोर्ड ४०० मेगाहर्ट्झवर उठले, रात्रभर सलग चाचणी, शून्य चुका. सातवा अजून पडतो, पण आता वेगळ्या तऱ्हेने: नेहमी एकाच बिटावर, अकराव्या. मेमरीच्या चिपवर बोटाने दाबलं की चूक जाते.

ताम्हण · रविवार, सकाळी १०.२५

तो बीजीएचा, म्हणजे चिपच्या पोटाखालचा सोल्डरचा, गोळा नीट टेकलेला नाही. एकच बिट, दाबल्यावर जातो, शंका नको. असेंब्लीवाल्याकडे पाठवा, बिटाचा नंबर लिहूनच द्या, म्हणजे एक्स-रेत नेमका कुठला गोळा बघायचा ते त्यांना कळेल.

कराडचा_पोरगा · रविवार, रात्री ११.५५

ताई, क्यूएमूवर उमटलं! आधी 'ए' आला. मग म्हटलं मराठीत छापू. 'नमस्कार' पाठवला, सात कोडपॉइंट, यूटीएफ-८मध्ये प्रत्येकी तीन बाइट, एकूण २१ बाइट. टर्मिनलवर चक्क 'नमस्कार' आला, ना ऑपरेटिंग सिस्टीम, ना लायब्ररी. मित्रांना उठवून दाखवला.

एक शंका. पीएल०११च्या कागदात फिफो (पाठवायच्या बाइटांची रांग) १६ बाइटची दिसली. मी २१ बाइट न थांबता लिहितो, मग शेवटची अक्षरं गळत का नाहीत?

ताम्हण · सोमवार, सकाळी ८.५०

शाब्बास! क्यूएमू प्रत्येक बाइट लगेच पुढे देतो म्हणून गळत नाहीत. खऱ्या बोर्डवर नक्की गळतील, 'नमस्कार'मधल्या 'का'चा काना मधूनच फुटेल आणि शेवटचा 'र' येणारच नाही. प्रत्येक बाइट लिहिण्याआधी फ्लॅग रजिस्टर वाच, पायाच्या पत्त्यापासून हेक्समध्ये १८वर आहे. त्यातला बिट ५ एक असेपर्यंत फिफो भरलेली आहे, तो शून्य होईपर्यंत थांब. तेवढं घाल आणि मग लिंकर स्क्रिप्ट इथे टाक, बघू.